स्मिता पाटील खरंच अभिनय ‘शिकली नव्हती’ का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, एकांकिका स्पर्धांत दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळालेलं. आता तिला कॉलेज सोडून मुंबईला जायचंय. घरात विषय निघाला की तिचं एकच म्हणणं असतं, ‘स्मिता पाटील कुठे शिकली होती अभिनय? बाविसाव्या वर्षी राष्ट्रीय पुरस्काराची भूमिका करून मोकळी झाली.’ हा दाखला खरा आहे का आणि मुलीला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी अकरा वर्षं सहायक दिग्दर्शक होते आणि त्यानंतर पंधरा वर्षं नव्या मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर काम करायला शिकवते आहे. हा दाखला दर बॅचमध्ये कोणीतरी देतंच, आणि देणारी मुलं बहुधा हुशार असतात. म्हणून त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

तुमची मुलगी सांगते त्यातलं अर्धं खरं आहे. स्मिता दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची विद्यार्थिनी नव्हती आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचीही नव्हती. पण अभिनयाच्या वर्गात गेली नाही म्हणजे शिकली नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. तिची पहिली वीस-बावीस वर्षं ओळीने बघितली तर ती कुठे काय शिकली हे दिसतं. माझ्या वर्गात मी ती वर्षं तशीच ओळीने सांगते.

जन्म १७ ऑक्टोबर १९५५चा, पुण्यातला. घर मूळचं खानदेशातलं, शिरपूरचं. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी चळवळीतून आलेले, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई समाजकार्यातल्या. तीन बहिणींतली स्मिता मधली. अशा घरातली मुलं त्या काळी राष्ट्र सेवा दलात जात, तशी तीही गेली आणि सेवा दलाच्या कलापथकात रमली.

कलापथक म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर ही सगळी मंडळी त्याच मुशीतून आली. गावातल्या चौकात नाहीतर शाळेच्या पटांगणात कार्यक्रम असायचा. पेटी उचलणारा, सतरंजी अंथरणारा आणि वगात राजा होणारा माणूस एकच. समूहगीतात आपला आवाज शेजारच्याच्या वर जाऊ द्यायचा नसतो, तो त्याच्या आवाजात मिसळायचा असतो. समोर शेतकरी, बाया, पोरं बसलेली असतात. त्यांना खोटं चटकन कळतं आणि कळलं की ती उठून जातात.

मी कलाकार निवडायला बसते तेव्हा अशा समूहात वाढलेली मुलगी मला दोन मिनिटांत ओळखू येते. समोरचा बोलत असताना ती ऐकते. स्पर्धांतून आलेली मुलं पुष्कळदा स्वतःच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबलेली असतात. तुमच्या मुलीला बक्षिसं मिळालीत, चांगलंच आहे. पण पुढच्या एकांकिकेत तिला मुद्दाम छोटं, कमी संवादांचं काम घेऊ द्या आणि तुम्ही प्रेक्षकांत बसून फक्त एक गोष्ट बघा. दुसरा बोलतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय चालू असतं?

दुसरी शाळा दूरदर्शनची. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण सगळ्यांना ठाऊक असते. लोक ती गंमत म्हणून सांगतात, पण माझ्या कामाच्या दृष्टीने त्या खुर्चीतलं बाकीचं फार महत्त्वाचं आहे.

बातम्या वाचताना काय करावं लागतं बघा. मान हलवायची नाही. हातवारे नाहीत. कागदावरचं वाक्य डोळ्यांनी आधी उचलायचं आणि नजर वर करून थेट लेन्समध्ये बोलायचं. बातमी अपघाताची असो नाहीतर पिकाची, आवाजात आपली भावना मिसळायची नाही, पण आपण काय वाचतोय ते कळत असल्याचं डोळ्यांत दिसलं पाहिजे. श्वास वाक्याच्या मध्ये तुटता कामा नये. आणि हे सगळं समोर एकही प्रेक्षक नसताना.

रंगभूमीवरून येणाऱ्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण नेमकी ही असते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असल्यामुळे क्लोजअपमध्ये ती भुवया उडवतात, ओठ दुमडतात, दर वाक्याला मान हलवतात. पडद्यावर तो चेहरा वीस-पंचवीस फुटांचा झाला की प्रत्येक हालचाल ओरडल्यासारखी वाटते. ही सवय मोडायला मला दोन-तीन महिने लागतात. स्मिताने विशीच्या आतच रोज लेन्ससमोर स्थिर बसायचा सराव केला होता, आणि तिला तो अभिनयाचा सराव वाटतही नसणार. पडद्यावर काहीच न करता ती इतकं कसं सांगते, असं लोक विचारतात. देणगी होतीच, नाही कोण म्हणतं? पण त्या देणगीला ही बैठक मिळाली होती.

इथे माझी एक चूक सांगते. सहायक असताना एका सतरा वर्षांच्या मुलीला मी कॅमेऱ्यामागून सारखी म्हणत होते, ‘काहीतरी कर, चेहरा हलू दे.’ ती मुळात शांत होती आणि त्या शांतपणातच तिचं सगळं होतं. माझ्या सूचनांनी ती बिथरली आणि चांगला प्रसंग हातचा गेला. पुढे संकलनाच्या टेबलावर तिचा तालमीतला एक तुकडा बघितला, कोणी काही सांगायच्या आधीचा, तेव्हा मला कळलं की मी काय मोडलं. ते मला अजून सलतं. तेव्हापासून नव्या मुलीला पहिल्या दिवशी मी एकही सूचना देत नाही.

आता सिनेमाकडे येऊ. १९७४ साली फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांनी ‘तीव्र मध्यम’ हा डिप्लोमा चित्रपट केला, त्यात स्मिता होती. विद्यार्थ्यांच्या चित्रपटात काम करणं म्हणजे पैसा जवळजवळ नाही, प्रसिद्धी तर नाहीच. पण तिथे कच्ची फिल्म मोजून मिळायची, म्हणून तालीम भरपूर व्हायची आणि टेक कमी. तुमच्या मुलीला मुंबईआधी कुठे पाठवायचंच असेल तर अशा कामांकडे पाठवा. चित्रपट शिकणारी मुलं आज ठिकठिकाणी आहेत आणि त्यांना कलाकार हवे असतात. तिथे चुकायची मुभा असते, जी मालिकेच्या सेटवर मिळत नाही.

नंतर श्याम बेनेगल आले. ते थेट मोठी भूमिका घेऊन आले नाहीत, हे तुमच्या मुलीला नक्की सांगा. १९७५च्या ‘चरणदास चोर’ या मुलांसाठीच्या चित्रपटात ती राजकन्या झाली. हबीब तन्वीरांच्या नाटकावरचा चित्रपट, सोबतीला छत्तीसगढी लोककलावंत. त्याच वर्षी ‘निशांत’. त्यात मध्यवर्ती स्त्रीभूमिका शबाना आझमींची. स्मिताकडे जमीनदाराच्या धाकट्या भावाची बायको, रुक्मिणी. नवरा दुसऱ्या बाईच्या मागे लागलाय आणि घरात ते सगळ्यांना दिसतंय, तिलाही दिसतंय. बोलायला फारसं काही नाही, बघायला मात्र पुष्कळ. आमच्या क्षेत्रात असल्या भूमिकेला लोक ‘बाजूचं काम’ म्हणतात आणि नाकारतात. मी विद्यार्थ्यांना तोच भाग परत परत दाखवते.

त्या संचात आणखी कोण होतं? शबाना फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. नसीरुद्दीन शाह राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट दोन्हीकडे शिकलेले. गिरीश कार्नाड, अमरीश पुरी, कुलभूषण खरबंदा, सगळे रंगभूमीवर घासून आलेले. पटकथा विजय तेंडुलकरांची, छायाचित्रण गोविंद निहलानींचं. विशीतल्या मुलीला या माणसांबरोबर महिनोन्‌महिने तळ ठोकून राहायला मिळालं. ‘ती शिकली नव्हती’ असं म्हणणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी. माझ्या मते तो संच हाच तिचा अभिनयाचा वर्ग होता आणि अशा शिक्षकांचा वर्ग पैसे मोजूनही मिळत नाही. त्याच वर्षी मराठीत जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्येही तिचं छोटं काम आहे. समोर डॉ. लागू आणि निळू फुले.

१९७६ला ‘मंथन’. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केलेला चित्रपट. त्यात तिची बिंदू. शहरात वाढलेली मुलगी म्हैस राखणारी बाई झाली आणि कुठेही वेशभूषा स्पर्धेतल्यासारखी वाटली नाही, ते उकिडवं बसण्यामुळे, डोक्यावरचा पदर सहज सारण्यामुळे, अनोळखी पुरुषाशी बोलताना अर्धी वळून उभी राहण्यामुळे. या गोष्टी आरशासमोर येत नाहीत. ज्या बायका त्या जगतात त्यांच्यात जाऊन बसावं लागतं. कलापथकातून गावोगाव गेलेल्या मुलीला हे बसणं परकं नव्हतं.

आणि मग १९७७. एकाच वर्षात ‘जैत रे जैत’ची चिंधी आणि ‘भूमिका’ची उषा. चिंधी ठाकर समाजातली, रांगडी, मनात येईल ते करणारी, गाण्यातून बोलणारी. उषा चित्रपटाच्या झगमगाटात अडकलेली, किशोरवयापासून थेट लग्नाच्या वयाच्या मुलीची आई होईपर्यंत. चित्रपट सलग क्रमाने चित्रित होत नसतो. सकाळी पस्तिशीची दमलेली बाई आणि दुपारी सोळा वर्षांची पोर करायची असेल, तर प्रत्येक वयाची चाल आणि थकवा डोक्यात वेगळा ठेवावा लागतो. ‘भूमिका’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो हा. तुमच्या मुलीच्या दाखल्यात फक्त हा शेवटचा मुक्काम आहे. त्याआधीचं कलापथक, बातम्या, डिप्लोमा चित्रपट आणि तीन-चार छोटी कामं गळून गेलीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते.

‘भूमिका’ ज्या आत्मकथनावर आधारलेला आहे ते हंसा वाडकरांचं, ‘सांगत्ये ऐका’. त्याही कोवळ्या वयातच पडद्यावर आलेल्या अभिनेत्री होत्या. जन्म १९२३चा, मूळ नाव रतन साळगावकर, पहिला चित्रपट ‘विजयाची लग्ने’ १९३६चा. म्हणजे वय तेरा! घराला पैसा हवा होता म्हणून पोरीला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. पुढे ‘लोकशाहीर रामजोशी’सारख्या चित्रपटांनी नाव मिळालं, लोकांचं प्रेम मिळालं. पण त्यांची कहाणी वाचताना एक गोष्ट पानोपानी टोचते. काम करायचं की नाही, कुठलं करायचं, कधी थांबायचं, हे फार कमी वेळा त्यांच्या हातात होतं. घर त्यांच्या कमाईवर चाललं होतं.

या दोन मुली मी नेहमी शेजारी ठेवते. एक दुसरीची कहाणी पडद्यावर जगली, म्हणून त्या आपोआपच शेजारी येतात. गुण दोघींत होते. फरक घराचा होता. स्मिताच्या घरात चूल तिच्या मानधनावर पेटत नव्हती. ती मंत्र्याची मुलगी होती, हेही मोकळेपणाने म्हणायला हवं. त्यामुळे एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी तिला बिनपैशाचा डिप्लोमा चित्रपट करता आला, ‘निशांत’मधली बाजूची बाई करता आली आणि नको त्या कामाला नाही म्हणता आलं. ही सोय तिच्या गुणांना कमीपणा आणत नाही. पण ती सोय लपवून फक्त ‘शिक्षण नसताना झाली’ एवढंच मुलांना सांगितलं, तर आपण त्यांना फसवतो.

म्हणून ‘पाठवू का’ याला माझं उत्तर असं आहे: तिला नाही म्हणता येईल एवढी तजवीज होईपर्यंत पाठवू नका.

माझी एक विद्यार्थिनी होती, तालुक्याच्या गावची. तिच्याइतकी सहज मुलगी मी मोजक्याच पाहिल्यात. हातात दोन महिन्यांचं भाडं घेऊन मुंबईत गेली. तिसऱ्या महिन्यात एका मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचं काम मिळालं आणि तिने करारावर सही केली. दोन वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही, हे कलम तिने वाचलं होतं, पण घरमालक दारात उभा होता. बारा-तेरा तासांची शिफ्ट, हातात चहाचा ट्रे आणि दिवसाला पाच वाक्यं. आठ महिन्यांनी एका चांगल्या दिग्दर्शकाने तिला चित्रपटासाठी विचारलं. छोटी पण अस्सल भूमिका होती. तिला ती घेता आली नाही. करार संपला तेव्हा मालिकाही संपली होती आणि ती गावी परतली. आज ती शाळेत शिकवते, समाधानी आहे. पण तेव्हा तिच्या हातात आणखी सहा महिन्यांचं भाडं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा पदवी पूर्ण होऊ द्या. वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे आणि त्या काळात ती डिप्लोमा चित्रपट, लघुपट, प्रायोगिक नाटकं करू शकते. त्याबरोबर निदान वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे बाजूला काढा किंवा तिला असं एखादं काम शिकू द्या जे मुंबईत अर्धवेळ करता येईल: डबिंग, भाषांतर, शिकवण्या, काहीही. ऑडिशन आता बरीचशी घरून चित्रित करून पाठवता येते, तेवढ्यासाठी मुंबईत खोली घेऊन बसायची गरज नाही.

पैशांबद्दल आणखी एक. खरी निवड करणारा माणूस कलाकाराकडून पैसे घेत नाही. नोंदणी शुल्क, ओळखपत्राचे पैसे, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा’ असं काहीही कोणी म्हटलं की तिथून उठायचं. तिचे साधे, बिनमेकअपचे, उन्हातले चार फोटो पुरतात. आणि ते गोरे करू नका! स्मिताचा सावळा रंग तिच्या कामाच्या कुठेही आड आला नाही. आपल्याकडे मुलीचा रंग उजळवून फोटो पाठवायची इतकी सवय आहे की मुलगी प्रत्यक्ष समोर आली तर ओळखू येत नाही, आणि तिथेच तिचं काम जातं.

एकोणीस वर्षांची म्हणजे ती कायद्याने सज्ञान आहे, करारावर तिचीच सही लागेल. सहीआधी कागद घरी आणायचा, एक रात्र ठेवायचा, जाणकाराला दाखवायचा. ‘आत्ताच सही कर, नाहीतर दुसरी उभी आहे’ म्हणणाऱ्याला दुसरीकडेच जाऊ द्यावं. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. समितीत कोण आहे, हे पहिल्या दिवशी विचारायला तिने लाजू नये. मी माझ्या मुलींकडून हा प्रश्न मोठ्याने विचारण्याची तालीम करून घेते, कारण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही.

तुमच्या धाकट्या मुलीलाही मालिकेसाठी विचारणा झाली, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती चौदाच्या आत असेल तर नियम वेगळे आहेत आणि बरेच कडक आहेत. बालकामगार कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि तिच्या कमाईतला निदान २० टक्के भाग तिच्या नावाच्या मुदत ठेवीत जायला हवा. तेरा वर्षांच्या रतनला, म्हणजे हंसा वाडकरांना, यातलं काहीच नव्हतं. हे नियम तुम्ही स्वतः बोलून दाखवा, निर्मात्याच्या माणसाने सांगायची वाट पाहू नका.

स्मिताच्या पुढच्या वाटचालीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मुलीसाठी दोन ओळी. ‘चक्र’साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार, १९८२ला ‘उंबरठा’, त्याच वर्षी मोठे व्यावसायिक हिंदी चित्रपट, १९८५ला पद्मश्री. १३ डिसेंबर १९८६ला, बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी, ती गेली. वय ३१. एवढं सगळं जेमतेम बारा वर्षांत झालं, म्हणून तिचं आयुष्य घाईचं वाटतं. पण सुरुवातीची तीन वर्षं बघा, तिथे घाई कुठेच दिसत नाही.

आता तिला लगेच करण्यासारखं काम सांगते. रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या तीन बातम्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर वाचायच्या. एक दुःखाची, एक आकडेवारीची, एक साधी. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला, हात मांडीवर, मान स्थिर, वाक्य उचलून लेन्समध्ये बोलायचं. महिनाभर ते चित्रण तिने बघायचं नाही आणि कोणाला दाखवायचंही नाही. महिना झाला की पहिल्या दिवसाचं आणि शेवटच्या दिवसाचं, आवाज बंद करून, एकापाठोपाठ बघायचं. त्यानंतर तिला काय दिसलं ते तिने स्वतः मला लिहावं, मी उत्तर देईन.